टेकडीमागची खाडी

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या श्रीरंग नावाच्या शिष्याला घेऊन एका महानगरात गेले. प्रवासाचे कारण दुःखाचे होते. त्या नगरातले कापडाचे व्यापारी त्र्यंबकशेठ हे आचार्यांचे जुने स्नेही. त्यांची एकुलती एक मुलगी चारू तापाचे निमित्त होऊन गेली होती. लग्न ठरलेली, हसतीखेळती मुलगी. तेव्हापासून शेठनी दुकान उघडले नव्हते. कोणी बोलले तर ते "हं" म्हणत, कोणी ताट पुढे केले तर दोन घास खात, आणि पुन्हा शून्यात पाहत बसत.

श्रीरंग मायाळू होता. घरातली ती शांतता त्याला असह्य झाली. एका सकाळी तो बाहेर पडला आणि त्या अफाट शहरात वाट फुटेल तिकडे चालत राहिला. लाकडाच्या वखारींमागे त्याला एक पायवाट दिसली. ती चढत चढत एका टेकडीच्या खडकाळ माथ्यावर गेली, आणि तिथे श्रीरंग जागीच थबकला. खाली विस्तीर्ण खाडी पसरली होती. तिवरांच्या हिरव्या रानाला लागून असंख्य रोहित पक्षी उभे होते, आणि ओहोटीचे संथ पाणी त्यांच्या प्रतिबिंबांनी गुलाबी झाले होते. शहराचा गोंगाट तिथवर पोचतच नव्हता. खाली उतरून त्याने वखारीत चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले, "वर काय असणार? दगड आहेत."

तो धावतच परतला. "गुरुजी, शेठजींना तिथे न्यायलाच हवं. ते दृश्य पाहिलं तर त्यांचं मन नक्की हलकं होईल."

आचार्यांनी काठी हाती घेतली. मग म्हणाले, "चल. मीही येतो."

आचार्यांचे गुडघे दुखत होते, तरी ते काठी टेकत चढले. शेठही चढले, कोणी हात धरून नेले म्हणून. माथ्यावर पोचताच श्रीरंग उत्साहाने म्हणाला, "शेठजी, पाहा! आपल्या शहरात हे आहे, कोणाला ठाऊक तरी होतं का?"

शेठनी पाहिले. पक्ष्यांचा एक थवा त्याच वेळी उडाला आणि उन्हात झळाळला. शेठचा चेहरा पिळवटून निघाला.

"हे सगळं आहे," ते पुटपुटले. "हे सगळं अजून आहे, आणि माझी चारू नाही."

त्यांनी खाडीकडे पाठ फिरवली आणि समोरच्या काळ्या, ओबडधोबड कातळाकडे तोंड करून ते खाली बसले.

श्रीरंगला काय करावे कळेना. "शेठजी, थोडं तरी पाहा," त्याने विनवले. तेवढ्यात आचार्यांनी काठी बाजूला ठेवली. एवढे कष्ट घेऊन ते वर आले होते, पण खाडीकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. तेही शेठच्या शेजारी, त्याच कातळाकडे तोंड करून बसले.

बराच वेळ गेला. मग शेठ आपणहून बोलू लागले. शेवटच्या दिवशी चारूने पाणी मागितले होते आणि डॉक्टरांशी बोलण्याच्या नादात आपण ते द्यायला उशीर केला, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आचार्यांनी "त्याने काय झालं असतं," असे म्हटले नाही. ते ऐकत राहिले. मागे खाडीवर संध्याकाळ झाली आणि मावळली.

शेठना घरी पोचवल्यावर श्रीरंगने विचारले, "गुरुजी, इतकं चढून गेलात, आणि एकदा वळूनही पाहिलं नाहीत?"

आचार्य म्हणाले, "पाहावंसं मलाही वाटत होतं रे. तू त्यांना तिथे नेलंस ते प्रेमानेच. पण ‘पाहा, पाहा’ म्हणालास, म्हणजे ‘दुःख घटकाभर खाली ठेवा’ असंच म्हणालास. ते दुःख हीच आता त्यांच्याजवळ उरलेली मुलगी आहे. तिला ते खाली कसं ठेवतील? त्यांची नजर वळवणं माझ्या हाती नव्हतं. त्यांची नजर जिथे होती तिथे आपली नेणं, एवढंच होतं."

"मग त्यांचं दुःख कमी कधी होईल?"

"कदाचित होणारही नाही," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. आचार्यांनी पडशी उचलली, पण श्रीरंग जागचा हलला नाही.

"गुरुजी, मी काही दिवस इथेच राहू?"

"राहून काय करशील?"

"काही नाही. शेठजींजवळ बसेन."

आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते एकटेच स्टेशनाकडे निघाले.