खरवडलेला समास

"...पण मग ती किंचाळली का, बाबा?"

फ्रॉइलान दारातच उभा होता. डोंगर पळत चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती आणि छातीशी धरलेली प्रार्थनेची पोथी हलत होती.

"काय म्हटलंस तिच्यापाशी?" वेरेमुंदोंनी विचारलं.

"मरणाऱ्यासाठी जी प्रार्थना असते ती. अथपासून इतिपर्यंत. एक अक्षर चुकलं नाही."

"अक्षर चुकलं का, ते मी कुठं विचारलं?"

हजारेक वर्षांपूर्वी स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरात एक लहानसा मठ होता, तिथली ही गोष्ट. वेरेमुंदो त्या मठातले सर्वांत म्हातारे साधू. गुडघे पार गेलेले, त्यामुळे ते खिडकीजवळच्या बाकावरून फारसे उठत नसत. फ्रॉइलान त्यांचा शिष्य. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याला गर्व होता लॅटिनचा. पोथीची भाषा लॅटिन, राजाच्या हुकमांची भाषा लॅटिन. खोऱ्यातले लोक जे बोलत तेही त्याच लॅटिनमधून शेकडो वर्षांत झिजत, वाकत आलेलं होतं. पण फ्रॉइलान त्याला 'मोडकं' म्हणे आणि नाक मुरडे. त्या बोलीला तेव्हा धड नावही नव्हतं. पुढे अशाच डोंगरी बोलींमधून स्पॅनिश भाषा घडली, समुद्र ओलांडून गेली. आज ती वीसेक देशांत बोलली जाते आणि प्रत्येक देशाला शेजाऱ्याचं बोलणं चमत्कारिक वाटतं. असो. फ्रॉइलानला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला समोर एक म्हातारी दिसत होती.

तिचं नाव उर्राका. मेंढपाळाची विधवा. सकाळपासून तिचा श्वास अडकत होता.

"मी म्हणायला लागलो आणि तिनं माझा हात धरला," फ्रॉइलान म्हणाला. "नखं रुतली, बाबा. किंचाळली, 'पुरू नगा मला... अजून हाय मी. जित्ती हाय.'"

वेरेमुंदोंनी खिडकीतून खाली खोऱ्याकडे पाहिलं.

"ती असं का म्हणाली?"

"तिच्या घरात लॅटिन याआधी तीनदा आली होती," वेरेमुंदो म्हणाले. "तिन्ही वेळा कुणाला तरी पुरायचं होतं."

फ्रॉइलान त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"ती काय बोलली ते तुला कळलं?"

"कळलं."

"कसं काय? तू तर मोडकं ऐकत नाहीस."

"माझी आजी असंच बोलायची." तो खाली बघत म्हणाला. ही गोष्ट त्यानं मठात कुणाला सांगितली नव्हती.

"मग तिला तसंच उत्तर का दिलं नाहीस?"

"भ्यालो."

"कशाला?"

"सगळ्यालाच... पवित्र शब्द गोठ्यातल्या बोलीत आणले तर पाप मला लागेल. तिची प्रार्थना वाया गेली तर तेही मला लागेल. आणि उद्या थोरल्या मठातून तपासनीस येतायत. त्यांच्या कानावर गेलं तर?"

तपासनीसांची भीती खोटी नव्हती. पवित्र शब्द बोलीत लिहिले म्हणून पलीकडच्या खोऱ्यातल्या एका लेखनिकाला त्यांनी वर्षभर कोंडून ठेवलं होतं, अशी बोलवा होती.

"तिचे डोळे तुम्ही बघायला हवे होते, बाबा. माझ्याकडे बघत होती, जणू मीच तिला न्यायला आलोय. तिनं आणखी एक विचारलं. 'तिथं अंधार हाय का रं?' मी हात सोडवून घेतला आणि पळालो."

"आता तिच्यापाशी कोण आहे?"

"शेजारीण आहे. ती म्हणाली, सूर्य मावळेपर्यंत काढेल कदाचित."

उन्हं कलायला अजून बराच वेळ होता. खाली जायला अर्धा प्रहर पुरे होता.

फ्रॉइलाननं घाईघाईनं पोथी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही ओळ बघा, 'अखंड प्रकाश' असं म्हटलंय ती. हिच्या बाजूला समासात तुम्ही काहीतरी लिहिलं होतं. तिच्याच बोलीत होतं. तेवढं मला सांगा. मी पाठ करतो आणि जातो."

वेरेमुंदोंनी समासावरून बोट फिरवलं.

गेली तीस वर्षं ते त्या पोथीच्या समासात लोकांचे शब्द लिहीत आले होते. अवघड लॅटिन ओळ आली की शेजारी बारीक अक्षरांत खोऱ्यातला शब्द. कधी एका ओळीला तीन-तीन शब्द असत, कारण नदीच्या अलीकडे एक म्हणत, पलीकडे दुसरा, आणि वरच्या कुरणातले मेंढपाळ तिसराच. इकडचे लोक शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' जवळजवळ गिळून टाकत, पलीकडचे तो पुरा म्हणत. यातला बरोबर कोणता, असं फ्रॉइलाननं एकदा कुत्सितपणे विचारलं होतं. म्हातारा नुसता हसला होता.

आता त्या जागी शब्द नव्हते. पानाचं कातडं खरवडून पांढरं पडलं होतं, आणि जिथं सुरी जास्त दाबली गेली होती तिथं बारीकसं भोक पडलं होतं.

"हे कधी केलंस?"

"परवा." फ्रॉइलान म्हणाला. "सगळे समास खरवडले. तपासनीस पोथी उघडून बघतील, तुम्हाला धरतील, मला धरतील... तुम्हाला वाचवायला केलं मी."

"मलाही त्यांची भीती वाटते," वेरेमुंदो म्हणाले. "रोज वाटते."

फ्रॉइलाननं चमकून वर पाहिलं. आपले गुरू भितात, हे त्याला माहीत नव्हतं.

"मग लिहिलंत कसं?"

पोथी मिटून वेरेमुंदोंनी बाकावर बाजूला ठेवली, शिष्याच्या हाताला लागणार नाही अशी.

"बाबा, वेळ जातोय. काय लिहिलं होतं?"

"मला आठवत नाही."

"आठवा ना! तुमच्या हातानं लिहिलेलं..."

"हात माझा होता. वाक्य माझं नव्हतं."

"मग कुणाचं?"

"उर्राकाचं."

खालच्या खोऱ्यातून कुणीतरी मेंढ्यांना हाका मारत होतं.

"अकरा वर्षांपूर्वी तिची लेक गेली. पोर फार भ्याली होती. मी तिथंच होतो, हीच पोथी घेऊन, तुझ्यासारखा. मला काही सुचेना. तेव्हा उर्राका पुढे वाकली आणि लेकीच्या कानात काहीतरी बोलली. पोर शांत झाली... मी वर आलो आणि लिहून ठेवलं."

"आता ती स्वतःच भ्यालीय. मी तिला काय सांगू, बाबा?"

"तू काही सांगू नकोस. जा, तिचा हात धर, आणि विचार तिला... लेकीला काय म्हणाली होतीस?"