गेनू अस्वलाची चाकं

फार जुन्या काळी एका रानातले सगळे प्राणी सायकलवर फिरत. सभ्य म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. कुणाचं वजन विचारायचं नाही आणि आपलं सांगायचं नाही, एवढीच त्यांची सभ्यता.

गेनू अस्वलाला हरणांबरोबर घाट उतरायची फार हौस. नवी चाकं घ्यायला तो कोल्ह्याच्या दुकानात गेला. कोल्ह्याने मोजक्या स्पोकांची, पिसासारखी हलकी चाकं पुढे केली.

"घ्या, गेनूशेठ. सगळी हरणं हीच वापरतात."

"मला पेलतील ना?" गेनूने हळूच विचारलं.

"तुम्ही कुठे जाड आहात? तुमची हाडंच मोठी आहेत."

गेनू सुखावला आणि चाकं घेऊन आला.

घाटातल्या दुसऱ्याच वळणावर मागचे स्पोक तटातट तुटले. गेनू करवंदीच्या जाळीत जाऊन आदळला. दरी तिथून हातभरच लांब होती. हरणं धावत आली आणि त्यांनी आधी चाक उचलून पाहिलं.

"चाकात काही खोट नाही," एक हरीण हळहळलं. "तू जरा बारीक हो, गेनूदादा. एवढ्या चांगल्या चाकाचं नुकसान होतं."

गेनू अंगातल्या काट्यांसकट तसाच लंगडत दुकानात गेला. आत गिऱ्हाइकांची गर्दी होती.

"माझं वजन तीन मण आहे," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तेवढं पेलणारी चाकं दे."

एका सशिणीने घाईघाईने पिल्लांचे कान झाकले. कोल्ह्याने आतून भरपूर स्पोकांची दणकट चाकं आणली, तीही फडक्यात गुंडाळून.

गेनूने चाकं घेतली आणि फडकं त्याला परत दिलं.