टाकीतला निळा मासा

"आणि त्याला कळतं काय, अक्का?"

गुरुलिंगाच्या आवाजाला धार होती.

सोलापूरच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेलगत निळम्मा अक्कांचा लहानसा मठ होता. बदलीवर निघालेला एक भक्त आपली काचेची मोठी टाकी मठाला देऊन गेला होता. अक्कांनी ती सांभाळायला दिली इरण्णाला. हा इरण्णा परवा परवा आलेला, आणि गुरुलिंग मिसरूड फुटायच्या आधीपासून अक्कांच्या सेवेत. गुरुलिंगाचा जळफळाट झाला.

"त्याला काही कळत नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर दिली."

"मग मी काय करू?"

"मासे तू निवड. तुझ्या घरी होते ना? एकमेकांशी पटेल, असे आण."

गुरुलिंग बाजारात गेला. त्यानं गप्पी घेतले... गरीब स्वभावाचे, रंगीत शेपट्या फडकवत कळपानं हिंडणारे. निघता निघता त्याची नजर एका बरणीवर गेली. आत एकटाच एक मासा होता. गर्द निळा, राजासारखा.

"फायटर आहे, महाराज," दुकानदार म्हणाला. "याला एकटाच ठेवा. लांब शेपटी दिसली की फाडतो."

हे गुरुलिंगाला ठाऊक होतं.

"दे," तो म्हणाला.

टाकी इरण्णाची. मासे मेले तर बोल इरण्णाला.

इरण्णा मात्र हरखून गेला. "दादा, काय निवड आहे तुमची! हा निळा तर..." त्याला पुढे शब्द सुचेनात.

त्याचं ते निर्मळ हसू गुरुलिंगाला आणखीच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत दोन गप्पी उलटे तरंगत होते. उरलेले फाटक्या शेपट्यांनी कोपऱ्यात दडले होते. निळा मधोमध ऐटीत फिरत होता.

अक्का आल्या. पाहिलं.

इरण्णाचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं, अक्का. पाणी भरताना काहीतरी... दादांनी तर पारखून आणले होते."

गुरुलिंग याच क्षणाची वाट पाहत होता. पण तो आला तेव्हा गोड लागला नाही.

"गुरुलिंग, दुकानदार काही बोलला होता?" अक्कांनी विचारलं.

"बोलला होता," तो म्हणाला. "याला एकटाच ठेवा म्हणाला होता. मी ऐकून आणला, अक्का. जाणूनबुजून."

इरण्णानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

अक्का रागावल्या नाहीत. "काढ त्याला," एवढंच म्हणाल्या.

गुरुलिंगानं काचेचं मोठं भांडं आणलं, निळ्याला त्यात सोडलं आणि ते टाकीशेजारी ठेवलं. गप्पी हळूहळू कोपऱ्यातून बाहेर आले.

निळ्याला मात्र चैन पडेना. स्वतंत्र घर, स्वच्छ पाणी, सगळं त्याचं एकट्याचं. तरी तो गप्पींच्या बाजूला तोंड करून कल्ले फुगवी, काचेवर धडका देई. अन्नाला शिवेना. दुसरा दिवस उजाडला तसा तो मलूल दिसू लागला.

गुरुलिंग व्याकुळ झाला. "अक्का, आता तर याच्या वाट्याला कुणी येत नाही. तरी का जळतो हा?"

अक्कांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भांडं नि टाकी यांच्या मधे टांगलं.

निळा थोडा वेळ तसाच फुगून राहिला. मग कल्ले मिटले. गुरुलिंगानं टाकलेला दाणा त्यानं वर येऊन टिपला.

गुरुलिंग त्या उपरण्याकडे बघत बसला. पलीकडून इरण्णा टाकीतल्या माशांशी बोलत असल्याचं ऐकू येत होतं.

"कळलं, अक्का," तो शेवटी म्हणाला. "मलाही दुसऱ्या मठात धाडा. इरण्णा दिसणार नाही, तर मी जळणार नाही."

अक्का हसल्या.

"पडदा माशासाठी आहे, गुरुलिंग. माशाला पापण्या नसतात."