तेवीस चुका

"पण सही करायला हरकत काय आहे, ते तरी सांगाल का?" शाल्मलीनं तिसऱ्यांदा विचारलं.

परकारचाचा वहीकडे बघत राहिले.

"तुमच्या वहीत तेवीस आकडे चुकलेत, चाचा. मी ते नव्या यादीतून वगळलेत."

"तेवीस?"

"तेवीस."

"मोजलेस वाटतं..." असं म्हणून चाचा चष्मा पुसत बसले.

शाल्मली घैसासच्या अंगाचा तिळपापड झाला. घड्याळात अडीच वाजले होते. चार वाजता चौकीतला जुना सेट कायमचा बंद होणार होता आणि चाचा घरी जाणार होते. नव्या यादीवर परकारांची सही झाली की चौकी तुझी, असं बंदराच्या कॅप्टननं तिला सांगितलं होतं. तीन महिने ती या माणसाच्या हाताखाली बसली होती, आणि तीन महिन्यांत या माणसानं तिला शिकवलं होतं फक्त गप्प बसायला. तेही तिला धड जमलं नव्हतं.

खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या चौकीचं काम एकच होतं, ऐकायचं. लाँचवरची माणसं वॉकीटॉकीवर जे बोलतील ते ऐकायचं, आणि कोणी संकटात आहे असं कळलं की भोंगा वाजवून बचावाची होडी सोडायची. उलट बोलायची सोय चौकीला नव्हती. लाँचच्या प्रत्येक टोळीला एक आकडा दिलेला असे. टोळीतलं कोणी बोललं की तो सेटवर उमटायचा. जुना सेट कुठल्याही आकड्याचं बोलणं ऐकवायचा आणि चाचा तो आकडा वहीत उतरवायचे. अशी अठरा वर्षं गेली. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि त्यावरून अख्खं बंदर त्यांची चेष्टा करायचं.

जुन्या सेटच्या जागी आलेला नवा स्कॅनर भलता मानी होता. यादीत ज्याचा आकडा असेल त्याचंच तो ऐकणार, इतरांना दार बंद. ती यादी करायचं काम शाल्मलीकडे आलं. कचेरीनं आकडे आखूड रूपात पाठवले होते, शून्य-ए-बी असे. ही सोळाची मोजणी, तिच्यात नवानंतर ए, बी, सी येतात. स्कॅनरला मात्र लांब आकडा लागे. शून्य-ए-बी म्हणजे एकशे एकाहत्तर, त्याला सोळानं गुणलं की सत्तावीसशे छत्तीस. शाल्मलीनं छोटासा प्रोग्रॅम लिहून चाळीस आकडे अर्ध्या मिनिटात बदलून टाकले. मग सहज म्हणून चाचांच्या वहीशी ताडून पाहिले आणि तिला हसूच आलं. सत्तावीसशे छत्तीस, सत्तावीसशे छत्तीस, आणि मधूनच सत्तावीसशे अडतीस! सोळानं भाग जाईना, बाकी दोन उरे. अशा तेवीस नोंदी, आणि दर वेळी बाकी दोनच. एकच चूक तेवीसदा करायची म्हणजे म्हाताऱ्याची कमालच, असं म्हणत तिनं त्या वगळल्या.

"यादी स्कॅनरात भरलीस?" चाचांनी विचारलं.

"सकाळीच."

चाचा उठले. त्यांनी जुन्या सेटची वायर भिंतीतून उपसली आणि एक वॉकीटॉकी तिच्या हातात दिला.

"भिकू चोगलेची लाँच खाली लागली आहे. जरा बाहेर जाऊन ये. तो मशीन बंद करील. मग हे संकटाचं नारिंगी बटण दाबायचं आणि मला हाक मारायची. ऐकू आलं की मी भोंगा वाजवतो."

"आणि मग सही?"

"...आधी हाक तर मार."

पाय आपटत ती पायऱ्या उतरली.

लाँच खाडीच्या तोंडाबाहेर आली आणि भिकूनं मशीन बंद केलं. शाल्मलीनं नारिंगी बटण दाबलं.

"चाचा, मी शाल्मली. ऐकू येतंय?"

चौकी समोर दिसत होती. तिथून कसलाच आवाज आला नाही.

"चाचा! भोंगा वाजवा!"

ओहोटी लागली होती. लाँच आडवी होऊन पाण्यातून डोकावणाऱ्या खडपांकडे सरकायला लागली.

"भिकूदादा, मशीन चालू करा."

"भोंगा वाजल्याबिगर हात लावायचा नाय. चाचांनी बजावलंय."

"अहो, पण खडपं..."

"दिसतात मला," भिकू म्हणाला. त्याचाही चेहरा काही बरा दिसत नव्हता.

तिनं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. आधी रागानं, मग नुसती भीतीनं. चौकीच्या खिडकीत चाचांचं पांढरं डोकं स्पष्ट दिसत होतं. म्हातारा जागचा हलत नव्हता. हा माणूस मला मारणार, असं तिला खरोखर वाटलं. पाण्याच्या फेसात खडपांची काळी टोकं वरखाली होत होती.

शेवटी तिनं नारिंगी बटण दाबून धरलं आणि संकटाची खूण रद्द केली. मग, साधी हाक तरी पोचेल म्हणून, साधं बटण दाबलं. तिच्या आवाजात त्राण उरलं नव्हतं.

"काही नाही, चाचा... सहजच बोलतेय."

त्याच क्षणी भोंगा वाजला.

भिकूनं मशीन चालू केलं. त्यानं लाँच चौकीकडे वळवली.

ती चौकीत शिरली तेव्हा चाचा खिडकीशीच होते. तिला भांडायचं होतं, पण तिची नजर स्कॅनरवर गेली. त्यानं दुपारभरात एकच हाक नोंदवली होती. सत्तावीसशे छत्तीस, सहज बोलतेय. बुडायच्या भीतीनं मारलेल्या हाकांचा पत्ताच नव्हता.

तिनं जुन्या सेटची वायर परत भिंतीत खुपसली आणि वॉकीटॉकीचं नारिंगी बटण दाबलं.

सेटवर उमटलं, सत्तावीसशे अडतीस. संकटाचा आकडा दोननं मोठा.

मग तिनं चाचांची वही ओढून घेतली. आजवर तिनं फक्त आकड्यांचा रकाना वाचला होता. समासातली बारीक अक्षरं ती आता पहिल्यांदा वाचत होती.

'२७३८. मशीन बंद. तिघं. सगळे परत.'

'२७३८. बार्ज कलंडला. दोघं. एक सापडला.'

तेवीसही ओळी तिनं वाचल्या. शेवटच्या काही तिला नीट दिसल्या नाहीत, कारण डोळे भरून आले होते.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

चाचांनी खांदे उडवले.

"चुका म्हणालीस..."

शाल्मली स्कॅनरपुढे बसली. चाळीसही टोळ्यांच्या आकड्यांत तिनं दोन-दोन मिळवले आणि ते चाळीस नवे आकडे जुन्यांच्या जोडीला हातानं एकेक करून भरले. प्रोग्रॅमकडे तिनं पाहिलंही नाही. चाराला पंधरा मिनिटं उरली होती. तिनं जुन्या सेटची वायर स्वतःच काढली आणि नवी यादी चाचांपुढे धरली. या वेळी सही मागायचा तिला धीर झाला नाही.

चाचांनी यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ती टेबलावर ठेवली. पेन खिशातच राहू दिलं. वॉकीटॉकी उचलला आणि ते कठड्याला धरून पायऱ्या उतरायला लागले.

ती खिडकीशी धावली.

"भिकू," खाली चाचा सांगत होते, "तोंडाबाहेर ने आणि मशीन बंद कर. भोंगा वाजेपर्यंत हात लावू नकोस."

"चाचा!" ती वरून ओरडली. "तुम्हाला पोहता येत नाही! आधी सही तरी करा!"

चाचांचा एक पाय लाँचमध्ये होता. त्यांनी मान वर केली.

"तीच करायला चाललोय, पोरी. तू ऐक."