पोफळीला लागलेलं ऊन

एका गावात दोन भाऊ होते आणि दोघांत मिळून एक बाग होती, पोफळींची आणि माडांची. सुपारी पिकली की थोरला एका पोफळीवर चढायचा, तिला झोका देऊन दुसरीचा शेंडा धरायचा, आणि असा खाली न उतरता अख्ख्या बागेची सुपारी उतरवायचा. धाकटा खाली घोस गोळा करायचा. दोघांचं हसणं शेजारच्या आगरात ऐकू जाई.

मग एकदा भांडण झालं. कारण सांगितलं तर हसाल: पाणी आधी पोफळींना लावायचं की माडांना. शब्दाने शब्द वाढला, बागेचे वाटे झाले, मध्ये कुंपण आलं आणि भावाभावांत अबोला.

पोफळी थोरल्याकडे गेल्या. पश्चिमेचे माड आणि कुंपणालगतचा जुना फणस धाकट्याचा झाला. पोफळीला मावळतीचं ऊन सोसत नाही, ते हा फणस अडवायचा. एक दिवस धाकट्याने रागाच्या भरात त्यालाच कुऱ्हाड लावली. थोरल्याने बायकोकडून निरोप धाडला, तोडू नको, पोफळी भाजतील. निरोप ऐकून धाकट्याने कुऱ्हाड आणखी जोरात चालवली.

दोन उन्हाळे गेले. कुंपणाजवळच्या एका पोफळीचं खोड धाकट्याच्या बाजूने भाजून उभं चिरलं, आत नुसता भुसा झाला. थोरल्याच्या बाजूने मात्र ते हिरवंच दिसे.

सुपारी पिकली. थोरला शेंड्याशेंड्यांवरून झोके घेत कुंपणाकडे येऊ लागला. धाकट्याने वर पाहिलं, मग त्या चिरलेल्या खोडाकडे पाहिलं, आणि दादा आता हाच शेंडा धरणार हे त्याला कळलं. एक हाक पुरली असती. ती ओठांपर्यंत आलीही. पण मन म्हणालं, आधी मी का बोलू? आणि तो गप्प राहिला.

थोरल्याने हात लांबवून शेंडा धरला. खोड मधोमध मोडलं.

धाकटा कुंपण तुडवत धावला. भावाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. इतक्या दिवसांनी आधी बोलला तो थोरलाच.

"पोफळ तुझ्या अंगावर नाय ना रे पडली?"

उत्तर ऐकायला तो राहिला नाही. माणसं जमली, थोरल्याला उचलून घरी नेलं, तरी धाकटा "दादा, दादा" म्हणत तिथेच बसून होता.

तात्पर्य: रुसावं, भांडावंही, पण सावध करणारी हाक अडवू नये, वेळ गेल्यावर ती कितीही मारली तरी पोचत नाही.