आवडूला हात दे

फार वर्षांपूर्वी, जेव्हा रस्ता म्हणजे माणसाच्या पायांनी पाडलेली वाट एवढंच लोकांना ठाऊक होतं, तेव्हाची ही हकिकत. कोकणात उतारवाडी नावाचं गाव होतं. अर्धं गाव डोंगरावर, त्याला म्हणायचे वरवाडी. अर्धं खाडीकाठी, ती खालवाडी. मधे पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी वाट. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर असं शेवाळ धरायचं, की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकायची.

गुडघे होते तोवर माणसं चढायची, उतरायची. गुडघे गेले की संपलं. गावात म्हणच पडली होती, "वरवाडीचा म्हातारा उतरतो तो चौघांच्या खांद्यावरून." लोक हे हसत हसत म्हणायचे. माणसाला सवय झाली की तो कशालाही हसतो.

त्या वरवाडीत आवडू सुतारीण राहायची. नवरा बंदरावर गलबतं बांधायला गेला, तो तिकडचाच झाला. मागे राहिली त्याची हत्यारं आणि त्याची आई, चिमाबाई. ही चिमाबाई म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी बाई. तिची सख्खी धाकटी बहीण ठकू खालवाडीत दिलेली. दोघींचेही गुडघे गेलेले. वर्षानुवर्षं दोघींची भेट नव्हती. रोज सकाळी चिमाबाई कड्यापाशी येऊन हाक मारायची, "ठके, जेवलीस का गं?" आणि खालून उत्तर यायचं, "जेवले! तू?" एवढंच.

एका उन्हाळ्यात खालून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, पण इतकं बारीक, की चिमाबाईला ते वाऱ्यातून वेचून घ्यावं लागलं.

ती घरात आली आणि सुनेला म्हणाली, "आवडू, मला खाली जायचंय."

"चला आत्याबाई, पाठुंगळी घेते."

"पाठुंगळी गाठोडं जातं. मी माणूस आहे. चौघांच्या खांद्यावर एकदा जायचंच आहे, त्याआधी एकदा माझ्या पायांनी जाईन."

आवडूनं सासूच्या पायांकडे पाहिलं, मग आढ्याला लटकवलेल्या, लाकूड तासायच्या वाकसाकडे पाहिलं. बाईनं सुताराच्या हत्याराला हात लावला तर घराचा वासा मोडतो, असं तेव्हा म्हणायचे. आवडूनं हत्यारं खाली काढली. वासा काही मोडला नाही. मोडायचा असता तर नवरा गेला तेव्हाच मोडला असता.

तिनं पाखाडीला कठडा घातला. दरीच्या अंगानं खांब रोवले, वरून दांडा बसवला. काम नीट, ओळंबा लावून केलेलं, वरपासून खालपर्यंत सरळ रेघेसारखं. चिमाबाई कठडा धरून उतरू लागली. थोडं उतरली आणि पाखाडीच्या वळणावर, जिथं पायऱ्या सर्वांत उंच, तिथं तिचा हात सुटला. आवडूनं कमरेला मिठी घातली म्हणून म्हातारी वाचली.

गावाला तेवढंच हवं होतं. दाजी महाजन, गावातलं मोठं प्रस्थ, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "कठडा आहे की नांगराची जोखडं एकापुढे एक लावलीयत? आम्हाला बाबा अशा आधाराची गरज नाही."

आवडूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाजींमुळे नाही. सासू पायरीवर बसून दम खात होती, आणि खालून हाक येत होती, "चिमे, निघालीस का गं?"

तेव्हा चिमाबाई म्हणाली, "रडू नकोस. कठडा चांगला झालाय. पण तू तो तुझ्या हाताला विचारून केलास. माझ्या हाताला कधी विचारलंस?"

असं म्हणतात, त्या एका वाक्यानं आवडू सुतारीण कारागीर झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं घंगाळभर तांबडी काव, म्हणजे गेरू, कालवली आणि पाखाडीच्या डोक्यावर मांडून बसली. येणाऱ्याजाणाऱ्याचे तळवे त्यात बुडवायची आणि सांगायची, "जा खाली. जिथं आधार लागेल तिथं हात टेका. दगडाला टेका, कठड्याला टेका, दरडीला टेका. लाजू नका."

सगळं गाव उतरलं आणि चढलं. डोईवर घागर असलेल्या बायका, पोटुशी लेक, नुकतं चालायला लागलेलं पोर. ज्याला त्याला ही गंमत वाटली. कुणाच्या पाठीवर कुणाचा पंजा उमटला, त्यावरून एकदोन लग्नंही जमली म्हणतात. दाजी महाजनही उतरले, "मला काही लागत नाही, पण बाई म्हणते तर," असं म्हणत. खाली सगळ्यांनी तळवे दाखवले. सगळ्यांच्या हातावर थोडीफार काव उरली होती. दाजींचे तळवे मात्र धुतल्यासारखे स्वच्छ! सगळी काव वाटेभर पुसली गेली होती.

चिमाबाई हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दाजीही शेवटी हसले.

मग आवडू एकटी ती वाट उतरली, पंजे वाचत. वळणावर सगळे दरीकडे नव्हे, दरडीकडे झुकले होते. पोरांचे पंजे मांडीइतक्या उंचीवर होते. आणि एका जागी पंजे नव्हतेच, नुसते कोपर टेकल्याचे डाग होते. तिथं म्हाताऱ्या दम खातात.

आता लाकूड हवं होतं, आणि तेही वळणाला वळणारं. असं म्हणतात, गावदेवीच्या राईत जुना फणस होता. भर दुपारी, पान हलत नव्हतं अशा वेळी, त्याची एक फांदी आपणहून खाली आली. बरोबर पाखाडीच्या वळणासारखी वाकलेली. देवीनं दिली असं गाव म्हणतं. फणसालाही म्हातारी माणसं आवडत असतील, कुणी सांगावं!

आवडूनं नवा कठडा केला. तो सरळ नव्हता. जिथं मूठ घट्ट आवळते तिथं बारीक, जिथं हात नुसता टेकतो तिथं रुंद. दम खायच्या जागी कोपराला खळगा. पोरांसाठी खाली दुसरा दांडा. वळणावर दोन्ही अंगांनी.

चिमाबाई उतरली. वळणावर आली तेव्हा सगळं गाव पाहत होतं. असं म्हणतात, तिथं तिचा पाय सटकला, आणि लाकडानं तिचा हात धरला. तिनं लाकूड धरलं असं नाही, लाकडानं तिला धरलं. ज्यांनी पाहिलं ते शपथेवर सांगायचे.

खाली ठकू दारात बसली होती.

"इतकी वर्षं कुठं होतीस गं?" ठकूनं विचारलं.

"वर," चिमाबाई म्हणाली, आणि शेजारी बसली. त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या.

आवडू पुढं फार वर्षं जगली. शेवटी एका श्रावणी सकाळी, धुक्यात, कठड्यावर हात ठेवून ती पाखाडी उतरू लागली. वरच्यांनी तिला जाताना पाहिलं. खालच्यांनी येताना पाहिलं नाही. तेव्हापासून वळणावरचं लाकूड थंडीतही कोमट लागतं म्हणतात. आणि उतारवाडीत कुणी "कठडा धर" म्हणत नाही. म्हणतात, "आवडूला हात दे."

आता अलीकडचं ऐका. अहो, लाकूड ते लाकूड. खांबांना वाळवी लागली, पंचायतीनं स्टीलचं रेलिंग घालायचं ठरवलं. शहरातून फिटर आला. तरुण, उमदा, नाव सुदाम. त्यानं चकचकीत पाइप मांडले. गावातल्या शेवंताकाकूंनी एकावर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"मेल्या, हे धरायचं की यावर भाकरी भाजायची?"

"काकू, उन्हात तापतं थोडं. पण याला वाळवी नाही, तेलपाणी नाही. पोरं मधून निसटत नाहीत. लाकडाचं तसं आहे का?"

"नाही," काकू म्हणाल्या. खरं ते खरं म्हणावं. "पण पावसात हे मासळीसारखं निसटेल. आणि वरपासून खालपर्यंत एकसारखं. माणसं काय एकसारखी असतात?"

शहरात आता काचेचीही रेलिंगं करतात म्हणे. दिसतात सुंदर. पण पडणारं माणूस काही शोभा बघायला थांबत नाही.

काकूंनी काव कालवली. सुदामचे तळवे त्यात बुडवून त्याला पाखाडीवरून खाली धाडलं. खाली पोचला तेव्हा त्याचे तळवे स्वच्छ! गाव हसलं, तोही हसला, आणि मग वळणापाशी पाइप वाकवत बसला. खांब स्टीलचे झाले, मधल्या सळ्या स्टीलच्या झाल्या, वाळवी हरली. पण वर, जिथं हात पडतो, तिथं आवडूचं फणसाचं लाकूड आहे तसंच बसवलं, खळग्यासकट. दरवर्षी वाकवायचे पाइप सुदाम आजही स्वतः आणून देतो.

कारण दर चैत्रात, देवीची पालखी निघायच्या आधी, उतारवाडी अजून तळवे रंगवते. नवी सून, नवं चालणारं पोर, नव्यानं गुडघा दुखू लागलेला म्हातारा, सगळे उतरतात. कुठं नवा पंजा उमटला की तिथं कठडा थोडा बदलतात. मग लाकडाला उंडीच्या बियांचं तेल पाजतात.

आणि ती जुनी म्हण आता कुणी तशी म्हणत नाही. उतारवाडीत विचाराल, वरवाडीचा म्हातारा उतरतो कसा, तर पोरंही एका सुरात सांगतील, "आवडूचा हात धरून, आणि जेवायला घरी परत येतो!"