ठिपक्यांचा देठ

“आणि माझं नाव? ते कुठंच कसं नाही, गुरुजी?”

रोलंडने तो जाडजूड ग्रंथ तिसऱ्यांदा चाळला. त्याच्या गुरूने, इंग्लंडातल्या एका आडगावच्या म्हाताऱ्या बार्नबीने, तीस वर्षं रानोमाळ हिंडून, औषधी झाडपाल्याची ओळख करून देणारा हा ग्रंथ लिहिला होता. छापखान्यात बसून मजकुराशेजारी झाडांच्या चित्रांचे लाकडी ठसे लावले ते मात्र रोलंडने. ठसे परदेशातून आलेले, बिननावाचे. कुठला ठसा कुठल्या झाडाचा, हे त्याने लॅटिन पोथ्या पाहून ठरवलं होतं. आपल्या लॅटिनचा त्याला भारी तोरा होता.

कुंपणाबाहेर जाऊन बार्नबीने एक डहाळी तोडून आणली, पानं चुरडली आणि रोलंडच्या नाकाशी धरली.

“शी! उंदरासारखा वास येतोय.”

“हेमलॉक आहे. विषारी. देठ बघ.”

देठावर जांभळे ठिपके होते.

“आता पान एकशे बारा काढ.”

रोलंडने काढलं. चित्रातल्या देठावरही ठिपके होते. आणि खाली छापलं होतं... चर्विल, कोथिंबिरीसारखी खायची भाजी. कोवळा पाला मुलांच्या सूपमध्ये घालावा.

रोलंडने ग्रंथ धाडकन मिटला.

“बाकीची छापलेली पुस्तकं कुठं आहेत, गुरुजी?”

“सकाळीच गाडी गेली. चाळीस घरी.”

“कुणी सूप केलं तर...”

“म्हणून घोड्यावर खोगीर घालून ठेवलंय.”

बार्नबीने त्याच्या हाती दौत आणि लेखणी दिली. फडक्यात बांधलेली भाकरीही दिली. पोरगा घाबरला की जेवायचं विसरतो, हे त्याला ठाऊक होतं.

“प्रत्येक घरी जा. चित्र खोड. चूक कुणाची ते खाली लिही.”

“माझं नाव घालून? गुरुजी, जन्मभर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!”

म्हातारा फळीकडे वळला. आपल्या गुरूचा विटलेला ग्रंथ काढून त्याने मधलंच एक पान उघडलं. तिथलं चित्र शाईने खोडलेलं होतं. खाली कोवळ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : चूक माझी. बार्नबी.

रोलंडने दौत आणि लेखणी फडक्यात भाकरीशेजारी बांधली.

बार्नबीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“नीघ बाळा, घोडा खोळंबलाय. माझंही नाव पुस्तकात पहिल्यांदा आलं, ते असंच.”